बारानंतर पाणीखातं

ज्या बैठकीत नॅडीन व्होलेकचे दोन तुकडे करायचं ठरलं, त्या बैठकीत खुद्द नॅडीननंच उभं राहून ‘माझी काही हरकत नाही’ असं सांगितलं होतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर वाचणारा तिला बिचारी समजायचा.

विस्कॉन्सिनमधलं नदीकाठचं गाव. कागदाची गिरणी होती तोवर ते शहर म्हणून मिरवायचं. गिरणी गेली तरी पाटीवर शहरच राहिलं. मेयर, नगरसेवक आणि त्यांच्या डोक्यावर बाहेरून आणलेला पगारी प्रशासक. ब्रेंट लॅमर्स त्याचं नाव. तरुण, कडक इस्त्रीचा, गिरणीचा वास कधी नाकात न गेलेला. पोलिसांच्या कचेरीतली कारकून निवृत्त झाली तेव्हा नवी नेमायला तिजोरीत पैसे नव्हते. इकडं पाणीखात्यात नळ कमी झालेले. तिथली कारकून नॅडीन, तिला दिवसभराचं काम उरलं नव्हतं. लॅमर्सनं भिंतीवरच्या पडद्यावर एक गोल दाखवला, अर्धा निळा, अर्धा हिरवा.

“सामायिक कारकून,” तो म्हणाला. “सकाळी पोलीस, दुपारी पाणी. माणूस एक, खाती दोन.”

“आणि जेवणाच्या सुट्टीत ती कोणाची?” एका नगरसेवकानं विचारलं.

“कोणाचीच नाही. सुट्टी बिनपगारी आहे.”

सगळे हसले. नॅडीनही हसली. ती हसली नसती तर तिचं पद अर्ध्या दिवसाचं झालं असतं, आणि अर्ध्या दिवसाच्या माणसाला आरोग्य विमा मिळत नाही. तिचा नवरा वॉल्ट गिरणीची धूळ छातीत घेऊन घरी बसला होता, नाकात ऑक्सिजनची नळी घालून. विमा गेला की नळी गेली. एवढ्यासाठी माणसं कशालाही हो म्हणतात, आणि वरची मंडळी त्यालाच एकमत म्हणतात.

नगरभवनाच्या तळमजल्यावर दोन्ही खिडक्या समोरासमोर होत्या. मधे व्हरांडा, व्हरांड्यात एक लाकडी बाक. बाराला नॅडीन पोलिसांचं शटर खाली ओढायची आणि व्हरांडा ओलांडून पाण्याच्या खिडकीत जेवायला बसायची. साडेबाराला पाणीखातं सुरू.

पाण्याचा पैसा वेगळा. लोक पाणीपट्टी भरतात ती पाण्यावरच खर्च व्हायला हवी, असा कायदाच आहे. म्हणून दुपारची नॅडीन पाण्याच्या पैशावर होती आणि तिनं पोलिसांच्या कामाला हात लावायचा नव्हता. पहिले काही आठवडे ती ऐकत नसे. दुपारी कुणी अपघाताच्या कागदासाठी आलं की उठून पलीकडं जायची, देऊन टाकायची. एकदा तर जेवता जेवता गेली. मग लॅमर्सनं तिला आपल्या काचेच्या खोलीत बोलावलं.

“नॅडीन, तुमचा हेतू चांगला आहे, मला कळतं.”

“दोन मिनिटांचं काम होतं.”

“दोन मिनिटं पाण्याची होती. आणि सुट्टीत काम केलंत तर तो जादा पगार होतो, तोही द्यावा लागतो. हिशेब तपासणारे आले की उत्तर मी द्यायचं.”

त्यानं लेखी ताकीद दिली. त्यात शेवटी लिहिलं होतं की पुन्हा असं घडल्यास हे पद ठेवावं की नाही याचा फेरविचार होईल. नॅडीननं ते पत्र घरी नेलं नाही, खणात ठेवलं. वॉल्टला वाचायला आवडायचं, आणि काळजी करायलाही.

टॉनिया ब्रँडल आली तो मंगळवार होता. नॅडीननं नुकतंच शटर ओढलं होतं आणि पाण्याच्या खिडकीत सँडविचचा कागद सोडत होती. टॉनिया शटरवरची सूचना वाचत उभी राहिली, मग वळली. अंगात दुकानाचा लाल अंगरखा. कामावरून तशीच कोर्टात गेली असावी.

“नॅडीन, तिकडं बंद आहे.”

“बाराला बंद होतं. आता उद्या सकाळी आठला.”

“पण तिथं तुम्हीच बसता ना?”

“सकाळी.”

“आणि आता?”

“आता मी जेवतेय.”

टॉनिया हसली. तिला वाटलं ही गंमत करतेय. मग तिनं घडी घातलेला कागद काउंटरवर ठेवला. “जजनं दिला. नवरा असला तरी कोरीनं आता घराजवळ फिरकायचं नाही. समोरच त्याच्या हातात प्रत दिली, तो नुसता बघत राहिला माझ्याकडं. कोर्टातली बाई म्हणाली, लगेच पोलिसांत नेऊन दे, म्हणजे रस्त्यावरच्या पोलिसानं संगणकात त्याचं नाव टाकलं की दिसतं.”

नॅडीनला हे सांगायची गरज नव्हती. असले हुकूम संगणकावर तीच चढवायची. शटर वर करायचं, बसायचं, टाइप करायचं. सँडविच वाळायच्या आत झालं असतं.

व्हरांड्याच्या टोकाला लॅमर्सच्या खोलीचं दार सताड उघडं होतं. तो मान वर करून इकडंच बघत होता.

“दे इकडं,” नॅडीन म्हणाली. “सकाळी पहिलं हेच करते.”

“आज नाही का होणार?”

“काही झालं तर फोन कर. कागद नसला तरी पोलीस येतात.”

“येतात. पण उशिरा येतात.” टॉनियानं पिशवी खांद्यावर घेतली. “बरं. सकाळी पहिलं हं.”

नॅडीननं कागद खणात, त्या ताकिदीच्या पत्रावर ठेवला आणि सँडविच संपवलं. ते तिला छान लागलं, आणि ही गोष्ट ती पुढं विसरू शकली नाही.

बुधवारी सकाळी ती तोच कागद हातात घेऊन पोलिसांच्या बाजूला आली तर तिच्या खुर्चीत चीफ हस्टेड बसलेले. एवढा अगडबंब माणूस, त्या कारकुनी खुर्चीत कोंबल्यासारखा.

“चीफ, उठा जरा. आधी हे चढवते.”

“कोणाचं आहे?”

“टॉनिया ब्रँडलचं. मनाई हुकूम.”

चीफ उठले नाहीत. “नॅडी,” ते म्हणाले, “ती बाजूची खुर्ची घे. बस.”

त्यांनी थोडक्यात सांगितलं. कोरीला संध्याकाळी टॉनियाच्या घरापासून दोन गल्ल्या अलीकडं अडवला होता. गाडीचा मागचा दिवा लागत नव्हता. पोलिसानं नाव टाकलं, संगणकावर काही आलं नाही. ‘दिवा बदलून घे’ असं सांगून सोडलं त्याला. तिथून तो सरळ तिच्या घरी गेला. बंदूक गाडीतच होती.

“त्याला अडवणारा आमचा पोरगा बाहेर गाडीत बसलाय,” चीफ म्हणाले. “उतरायला तयार नाही. म्हणतो, नाव नव्हतं, मी दोनदा बघितलं.” त्यांनी नॅडीनच्या हातातल्या कागदाकडं पाहिलं. “हा कधी आला?”

“काल.”

“काल कधी?”

“बारानंतर.”

चीफनी श्वास सोडला. दुःखातला नव्हता तो, सुटल्याचा होता. “मग आपल्याकडं आलाच नाही म्हणायचा. पाण्याकडं आला.”

लॅमर्सनं दुपारी वकिलाशी बोलून तेच जास्त चांगल्या शब्दांत मांडलं. पाणीखात्याच्या खिडकीला पोलिसांचे कागद घेण्याचा अधिकार नाही. सबब शहराला हुकूम मिळालेलाच नाही.

“पण मी घेतला ना,” नॅडीन म्हणाली. “मी, या हातानं.”

“तुम्ही सुट्टीवर होता,” लॅमर्स म्हणाला. तो तिला वाचवत होता. तिला वाचवता वाचवता त्यानं पोलीस वाचवले, पाणी वाचवलं, हिरवा आणि निळा दोन्ही वाचवले. कुणाचंच काही चुकलं नाही. बाई तेवढी मेली.

पुढच्या बैठकीत नगरसेवकांनी एक मिनिट उभं राहून शांतता पाळली आणि पोलिसांच्या शटरशेजारी लोखंडी पेटी बसवायचं ठरवलं. वर फट, खाली कुलूप. ‘तातडीचे कागद येथे टाकावेत.’ ती उघडायचं काम सामायिक कारकुनाकडं, रोज सकाळी आठ वाजता.

महिन्याभरानं एक म्हातारी बाई पाण्याच्या खिडकीशी आली. आयरीन, टॉनियाची आई. अंगावर दफनाच्या दिवशीचाच काळा कोट असावा, कारण दुसरा काळा कोट या गावात कोणाकडं असतो.

“मुलीच्या घरचं पाणी बंद करायचंय.”

नॅडीननं खातं काढलं. आयरीन व्हरांड्याकडं पाठ करून उभी होती, मग हळूच वळली आणि शटर बघितलं, पेटी बघितली.

“तिनं मला इथूनच फोन केला होता. म्हणाली, खिडकी बंद आहे, पण समोर एक बाई आहे, तिनं घेतलाय कागद. चांगली आहे म्हणाली.” तिनं मान वळवली. “ती कोण?”

“मीच.”

“तुम्ही तर पाण्याच्या.”

“सकाळी मी तिकडं असते.”

“एकच बाई?”

“एकच.”

आयरीननं पुन्हा एकदा शटरकडं पाहिलं. मग म्हणाली, “पाणी बंद कर,” आणि व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसली. कचेरी बंद होईपर्यंत बसली. दुसऱ्या दिवशीही आली. तिसऱ्याही.

ती कोणाला काही बोलायची नाही. पिशवी मांडीवर घेऊन दोन्ही खिडक्या दिसतील अशी बसायची. लोक पाणीपट्टी भरायला येत ते तिला बघून आवाज खाली घेत. लॅमर्सला ते सहन होईना. बाईंना हात लावता येत नव्हता, म्हणून त्यानं बाक काढायला सांगितलं. चीफ म्हणाले, व्हरांडा पाणीखात्याचा. पाणीखात्याच्या नोंदीत व्हरांडा नव्हता. कोणाच्या पैशानं उचलायचा ते ठरेना, म्हणून बाक राहिला.

एके दिवशी बाराला नॅडीननं शटर ओढलं आणि पाण्याकडं न जाता सँडविचची पिशवी घेऊन बाकावर बसली. आयरीननं आपली पिशवी मांडीवरून उचलून दोघींच्या मधे ठेवली. नॅडीननं कागद सोडला, पण खाल्लं नाही.

“आत्ता तू कोणाची?” आयरीननं समोर बघतच विचारलं.

“कोणाचीच नाही. सुट्टी आहे.”

“टॉनिया आली तेव्हा?”

लॅमर्सनं, वकिलानं, चीफनी तिला याचं उत्तर शिकवून ठेवलं होतं. एकच शब्द, आणि तो खराही होता.

“हीच वेळ होती,” नॅडीन म्हणाली. “सुट्टी. कोणाची नव्हते मी. उठले असते तर माझी मीच उठले असते.”

आयरीननं मान हलवली. माफी त्यात नव्हती. हवं होतं ते मिळाल्यासारखी हलवली. पिशवी तिथंच राहिली.

साडेबारा वाजले. नॅडीन उठली आणि पाण्याच्या खिडकीत जाऊन बसली. रांगेत पहिल्या उभ्या माणसानं बिल पुढं सरकवलं. तिनं ते घेतलं. त्याच्या खांद्यावरून तिला बाक दिसत होता, आणि संध्याकाळी पाचपर्यंत दिसणार होता.