मोगरीबाबा आणि सायलीचा गुडघा

शिरूर कासारच्या बाजारतळावर पाचशे माणसं जमली होती. म्हणजे गुडघे हजार, त्यातले धड मोजकेच. मधोमध मोगरीबाबा. धुणं बडवायची लाकडी मोगरी ते दुखऱ्या गुडघ्यावर हाणत आणि विचारत, "दुखतंय का?"

"लई दुखतंय!"

परत दणका. "आता?"

"न्हाई, न्हाई!"

"बोला जय!"

चौथ्या दणक्यापुढं कुणाचंच दुखणं टिकलं नाही. रांगेतल्या केसरबाईंचा गुडघा फुटून रक्त आलं. बाबा म्हणाले, रोग बाहेर पडतोय. केसरबाईंची तर दाढही दुखायची थांबली.

माझी चुलत बहीण सायली हिचं कबड्डी खेळताना गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं होतं. सोमवारी अंबाजोगाईला ऑपरेशन ठरलेलं. पण तिचे वडील, गहिनीनाथकाका, सही करेनात. ते तिला इथं घेऊन आले.

"आप्रेशन?" बाबा हसले. "डॉक्टर मड्याची शीर घालतेत. मग पाय आपोआप मड्याच्या सासुरवाडीला निघतोय!"

काका पांढरे पडले. त्यांना स्वतःचीच सासुरवाडी झेपत नव्हती.

"मागल्या हप्त्यात बरा केलेला पैलवान बघा!"

तो पैलवान, अभिमन्यू, सरळ चालत आला. शिट्ट्या वाजल्या. बाबांनी सायलीवर मोगरी उगारली. तिनं वरच्या वर मनगट धरलं.

"थांबा. अभिमन्यूदादा, आता झटक्यात वळ बरं."

"वळू नको बे!" बाबा किंचाळले.

तो वळला. कट्‌दिशी आवाज झाला. गुडघा एकीकडं, धड दुसरीकडं. तोंडावर आपटला, ओठ फाटला. गडी नावाला जागला: आत सरळ शिरला, वळून बाहेर येता येईना.

गर्दीनं मोगरी हिसकावली. "दुखतंय का, बाबा?"

"न्हाई!"

"मग लागू पडतंय!" म्हणत दुसरा दणका. बाबांची नडगी सोलली.

सायली लंगडत मधे घुसली. "सोडा त्याला! मोडके गुडघे कमी हायत का हितं? आरं, लिगामेंट तुटलं तरी सूज उतरल्यावर माणूस सरळ चालतंयच. वळताना गुडघा निसटतो, अन् निसटला की आतली गादी फाटती. ह्यानं बरं केलं न्हाई कुणाला. 'न्हाई' म्हणलं की मार थांबतो, एवढंच."

"पण मड्याची शीर?" काका पुटपुटले.

"कुणी दान केलेली कधी कधी वापरतेत. त्यात भूत नसतंय. माझी मांडीमागचीच घेणार. वाटीखालची बी घेता येती, पण मग गुडघा टेकला की दुखू शकतं. कबड्डीत तर सारखंच टेकावं लागतंय."

"मांडी अधू झाली तर?"

"ताकद जराशी कमी होती, व्यायामानं बरीच भरून येती. मैदानावर जायला निदान नऊ महिने."

काकांनी हिशेब लावला. "नऊ महिन्यांत तर तू आख्खी झालतीस."

मग त्यांनी अभिमन्यूला खांद्यावर घेतलं. "चल बे, तुला बी दाखवू. सही करायचीच हाय."

तेव्हा मंडळी, जिथं 'दुखतंय' म्हणायची भीती वाटते, तो उपचार नसतो, मारहाण असते. तिची तक्रार पोलिसांत करा आणि गुडघा डॉक्टरला दाखवा.