नायिबेसाठी कुठलं गाणं

सातुरियाच्या गावात कुणी मेलं तर निरोप पाठवावा लागत नाही. नदीपलीकडची माणसं नुसती कान देतात. ढोल वाजला, खुळखुळे वाजले, बायका टाळ्या देत गायला लागल्या, की समजायचं, कुणाचं तरी लेकरू गेलं. आणि ढोल नाही, टाळी नाही, नुसते ओढलेले लांब गळे ऐकू आले, की मोठं माणूस गेलं. सान हुआन नदीच्या काठावरची बाई भात कांडताना गाते, वल्हं मारताना गाते, सोन्याच्या चुऱ्यासाठी रेती चाळताना कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून गाते. ती मरणापुढे तेवढी मुकी का राहील? पण ज्याचं गाणं त्यालाच. एकाचं दुसऱ्याला गायलं तर त्याचा हिशेब वर द्यावा लागतो.

कुणाला कुठलं लागू, हे ठरवायची सातुरिया. शाळेत ती गेली ती झाडायला, पण मयतीची सगळी गाणी तिच्या पोटात होती. पाद्री कधीमधी होडीतून यायचा, तोसुद्धा आधी तिच्याच ओट्यावर टेकायचा. गळा म्हणाल तर फुटक्या घागरीसारखा, पण एकदा सुरू झाला की धबधब्याच्या आवाजावर चढायचा. तिचा शब्द खाली पडत नसे, आणि तो पडू नये याची काळजी तीच घेई. कुणी चुकीचं कडवं उचललं तर ऐन मयतीत म्हणायची, “तू कॉफी वाढ बाई, तेवढं तुला जमतं.”

त्या दिवशी सकाळी तिचीच नात गेली.

नायिबे. केळीच्या कोंबासारखी भराभर वाढलेली, आईच्या खांद्याला लागणारी पोर. थंडीताप होता. इथं तो कुणाला होत नाही? पण हा डोक्यात चढला. मोटारीची होडी लाकडं घेऊन खालच्या शहराला गेली होती. दुसरी मिळवून वल्ही बांधेपर्यंत पोरीने डोळे फिरवले. तिची आई देल्सिरा, म्हणजे सातुरियाची लेक, तिला मांडीवर घेऊन होडीत बसलेलीच होती. होडी सुटलीच नाही.

आता या गावाची रीत अशी, की लेकराला पाप लागलेलं नसतं, म्हणून मेलेलं लेकरू थेट देवदूत होतं. त्याच्यासाठी नाचायचं, खेळाची गाणी म्हणायची, बाप्तिस्म्याला लेकरू धरणाऱ्या धर्मआईने त्याची लहानशी शवपेटी हातांवर घेऊन झुलवायची. आणि रडायचं नाही. आईने तर मुळीच नाही. आईचं आसू पडलं की पंख भिजतात, आणि भिजल्या पंखांचं लेकरू अर्ध्या वाटेत लटकतं. दुसऱ्या गावांत सात वर्षांचं होईतो लेकरू धरतात. इथं नदीच्या वरच्या अंगाला न्हाण येईपर्यंत मुलगी लेकरूच. सातुरियाने स्वतःची तीन अशीच लावून दिली होती. तिन्ही वेळा पहिलं गाणं तिनेच उचललं होतं. डोळ्यांत टिपूस नाही.

दुपार कलली तशी माणसं जमली. पास्तोरा, नायिबेची धर्मआई, कडक पांढरा झगा घालून आली. हातातला रंगीत कागदाचा मुकुट तिने पोरीच्या डोक्यावर ठेवला. क्रिसांतो ढोल घेऊन आला, उसाच्या दारूचा एक घोट घेतला आणि पास्तोराला म्हणाला, की पोर उंच आहे, पेटी जड होईल, नाचता नाचता तूच आधी वर जाशील. ती म्हणाली, गेले तर तुझा ढोल तरी ऐकायला नको. लोक हसले. लेकराच्या मयतीत हसायचंच असतं.

देल्सिरा पेटीशी बसली होती. हसली नाही, हलली नाही. क्रिसांतोने ढोलावर पहिली थाप मारली आणि ती उठून उभी राहिली.

“ढोल बाहेर ने, क्रिसांतो काका. तिला न्हाण आलं होतं.”

थाप तिथंच थांबली. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. कुणी खुळखुळा मांडीखाली सरकवला. सगळ्यांचे डोळे सातुरियाकडे वळले.

सातुरियाने लेकीचं मनगट धरलं आणि तिला मागे चुलीपाशी नेलं. भाताचं मोठं पातेलं रटरटत होतं, त्यामुळे आतलं बाहेर जाणार नव्हतं.

“तिचे कपडे नदीवर कोण धुतं?” तिने विचारलं.

“तू.”

“मग त्यांवर डाग कधी पडला नाही हे मला ठाऊक आहे, हे तुला ठाऊक आहे.”

“आहे.”

“आणि तरी चार लोकांत उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.”

देल्सिरा चुलीकडे बघत बोलली. मला रडायचंय, म्हणाली. भाऊ लिसांद्रो गेला तेव्हा मी एवढीशी होते. तू त्याची पेटी माझ्या हातांवर ठेवलीस आणि नाच म्हणालीस. मी नाचले. लोक म्हणाले, किती गोड नाचते. ते तेव्हापासून इथं घशात आहे, ना वर येत ना खाली जात. आता त्याच्यावर ही आणून ठेवू नकोस. मला नाही झेपणार.

सातुरियाला राग यावा तसा आला, पण नेहमीसारखा जिभेवर चढेना.

“ऐक,” ती म्हणाली. “आत्ता ती उडून जाईल. डोळा मिटून उघडायच्या आत पोचेल. मोठ्यांचं गाणं लावलं तर तिला चालत जावं लागेल. खुनी, दारुडे, बायका मारणारे, सगळ्यांच्या रांगेत. ती एवढीशी. ती काय सांगेल तिथं? कशाची माफी मागेल? तुझ्या रडण्यापायी पोरीचे पंख उपटू मी?”

“मला देवदूत नको, आई. माझी पोर मेलीय. मला माझी पोर मेलेली हवीय.”

भात उतू गेला. निखारे चुरचुरले. दोघींतल्या एकीनेही पातेल्याला हात लावला नाही.

सातुरियाने लेकीचं तोंड नीट पाहिलं. गाल आत ओढलेले, ओठ दाताखाली, गळ्याची शीर दोरीसारखी उभी. असं तोंड तिने आधी पाहिलं होतं. वरच्या वस्तीत एक बाई आपलं लेकरू गेल्यावर अशीच न रडता राहिली होती. चार दिवसांनी ती रेती चाळायला नदीवर गेली, आणि भोवऱ्यात एकटी टोपली फिरताना सापडली. गाव म्हणालं, पाय घसरला. सातुरियाही तेच म्हणाली होती. त्या बाईचं गाणं तिनेच गायलं होतं.

एक मेलेली आणि एक जिवंत. एकीला पंख द्यायचे की दुसरीला आसवं. असा सौदा आयुष्यात तिच्यापुढे कुणी मांडला नव्हता, आणि मांडला असता तर तिने त्याला पायरीवरून खाली ढकललं असतं.

ती बाहेर आली. लोक वाट बघतच होते. पास्तोरा पुढे झाली. ती सातुरियाची लहानपणची मैत्रीण, तिला फसवणं सोपं नव्हतं.

“सातू,” ती म्हणाली, “पोर दुःखात आहे, ती काय वाटेल ते बोलेल. तू बोल. संत आंतोनियोपुढे बोल.”

फळीवर संताची मूर्ती होती, नाकाचा रंग उडालेली. सातुरियाने तिच्या पायांवर हात ठेवला.

“खरं आहे. गेल्या पौर्णिमेला.”

“आणि धर्मआईला कळवायचं नाही?”

“दवंडी पिटायला हवी होती का?”

पास्तोराने तिच्याकडे पाहिलं. मग पेटीशी गेली, पोरीच्या कपाळावरचा मुकुट काढला आणि कागद चुरगळू नये अशा बेताने घडी करत राहिली. पोरीच्या केसांत तांबड्या कागदाचा एक तुकडा अडकून राहिला. तो तिने काढला नाही.

क्रिसांतोने ढोल खांद्यावर टाकला आणि पायऱ्या उतरला. बायकांनी भिंतीवरच्या पांढऱ्या चादरीवर काळ्या कापडाचं मोठं फुलपाखरू टाचलं, मोठ्यांच्या मयतीत असतं तसं. म्हणजे आता एका रात्रीत सुटका नाही. नऊ रात्री गायचं, नवव्या रात्री चादर उतरवायची, आणि तेव्हा कुठं जीव घर सोडणार.

सूर्य झाडांमागे गेला तेव्हा सातुरियाने तोंड उघडलं.

“निघाले मी, दार लावा,
मागे माझं नाव नको.
वाट लांब, दिवा लहान,
तेल संपलं तर काय करू?”

बायकांनी शेवटची ओळ उचलली आणि लांब ओढली. तो आवाज पाण्यावर गेला. पलीकडून एक होडी भरल्या केळ्यांनिशी येत होती. होडीवाल्यांना सकाळीच काठावर कळलं होतं की सातुरियाची नात गेली, आणि ते ढोलाची वाट बघत होते. वल्ही थांबली. होडी प्रवाहात आडवी झाली, आणि त्यातल्या माणसांनी डोक्यावरच्या टोप्या काढल्या.

देल्सिरा पेटीवर पडली. आधी नुसती खोकल्यासारखी उबळ आली. मग जे बाहेर पडलं त्याला रडणं म्हणवत नाही. कापताना डुक्कर ओरडतं तसं. लहान पोरं बाहेर पळाली. दोन बायकांनी तिला धरलं, तिने त्यांना झिडकारलं, पेटीच्या कडेवर कपाळ आपटलं. तिने नायिबेला हाका मारल्या, लिसांद्रोला मारल्या, सातुरियाला शिव्या दिल्या. आसवं पोरीच्या झग्यावर, गळ्यावर, मिटल्या पापण्यांवर पडत राहिली. सगळं भिजलं.

सातुरिया गातच होती. पुढे गाणाऱ्या गळ्याला थांबता येत नाही, थांबला की गेलेला जीव जागीच उभा राहतो म्हणतात. ती गात होती आणि तिला फक्त पोरीचे पाय दिसत होते. नायिबेला अनवाणी चालायची सवय होती, पण ती आपल्या वाटांवर. तिथल्या वाटा कशा असतील, कुणी सांगावं. एकदा तिला वाटलं, आता आपल्यालाही रडायला हरकत नाही. काय आडकाठी आहे? मोठ्यांच्या मयतीत आजी रडते. तिने वाट पाहिली. काही आलं नाही. तीन वेळा आवळलेलं नंतर उघडत नाही, तिथंच गंजतं.

बऱ्याच वेळाने देल्सिराचा आवाज बसला. ती जमिनीवर, पेटीला पाठ लावून बसली. तोंड सुजलेलं, पण गळ्याची शीर सैल झाली होती. ती जगणार, हे सातुरियाला तेव्हाच कळलं. मग देल्सिराने पेटीत पाहिलं. भिजलेला झगा पाहिला. आणि तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हळूहळू चढलं, पुराचं पाणी पायऱ्या चढतं तसं.

ती गुडघ्यांवर सरकत आईपाशी आली, कानाशी तोंड नेलं.

“आई, तिला वाट सापडेल ना?”

सातुरियाला खोटं बोलता आलं असतं. आज एकदा बोलून झालं होतं, दुसऱ्यांदा जड जात नाही म्हणतात. बायका कडव्याचा शेवट ओढत होत्या, तो संपायच्या आत पुढचं उचलायचं होतं.

“मला ठाऊक नाही,” ती म्हणाली. “आता तिच्याजवळ आपल्या गळ्याशिवाय काही नाही. रडून झालं असेल तर गा.”

देल्सिराने मान हलवली. तिला एकही ओळ धड येत नव्हती. ती आईच्या ओठांकडे बघत, एक शब्द मागे राहून, बसक्या आवाजात गाऊ लागली.