हुंगायचा नाही असा अंगारा

नवरात्रातल्या अष्टमीला नांदुऱ्याच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. नाचाच्या सरावाला आलेली राखी दुपारपासून थांबायलाच तयार नव्हती. कडक उपास, पोटात अन्नाचा कण नाही, तरी पाय चालूच. मग तिचे हात थरथरू लागले, डोळे विस्फारले आणि कुणीतरी ओरडलं, "देवी आली वो!" झालं! नारळ आले, ओट्या आल्या. सराव पाहायला आलेल्या मला मात्र एका जागी उभं राहवेना. पोर पांढरीफटक पडली होती आणि लोक टाळ्या पिटत होते.

धुपाच्या ढगात बसलेले भस्मानंद महाराज गरजले, "हा पोरीला रोज दिलेल्या आमच्या अंगाऱ्याचा प्रताप! थंड पाण्यात घालायचा, एका घोटात प्यायचा. आणि देवीचं हुंगायचं नसतं, बरं का! हुंगलं की शक्ती गेली!"

देवाला वाहायचं फूल आपण हुंगत नाही, म्हणून ही अट सगळ्यांना पटली होती.

राखीचे वडील उत्तमराव हात जोडून म्हणाले, "उद्यापासून इची शाळा बंद, नाच बंद. महाराजांच्या मठातच बसवतो पोरीले."

"बाबा, मले झोपच येत नाही वो," राखी रडायला लागली. "छाती धडधड करून राह्यली."

नाच शिकवणाऱ्या अनुपमाबाईंनी तिची नाडी पाहिली. मग महाराजांपुढची अंगाऱ्याची पुडी उचलून खिडकीपाशी नेली आणि सरळ हुंगली.

"अहो, कोप होईल!" महाराज ओरडले.

राखीची आई आशाबाई नैवेद्याचं दूध तापवत होती. बाईंनी त्यातलं पेलाभर घेतलं, साखर आणि अंगारा टाकून ढवळलं. "राख असेल तर तळाशी बसेल," म्हणत पेला उत्तमरावांच्या हाती दिला. तळाशी काहीच बसलं नाही. त्यांनी घोट घेतला आणि ते बघतच राहिले.

"अबे, हे तं कॉफी हाय!"

"कॉफीच, पण मंतरलेली!" महाराज म्हणाले.

"मग तुम्हीच घ्या चार चमचे. उपाशीपोटी."

"नको वो बाई, मले पित्त होते!"

सभागृह हसलं. आशाबाई हसली नाही. ती लेकीला दूध-भाकर भरवत होती.

"एखादा कप चालतो," अनुपमाबाई म्हणाल्या. "पण रिकाम्या पोटी चमच्यांवर चमचे? हात कापतात, छाती धडधडते, झोप उडते. अंग थकतं, पण थकल्याचं कळत नाही. असंच चाललं असतं तर पोर कोसळली असती."

बोलावून आणलेल्या डॉक्टरांनीही तपासून तेच सांगितलं. तोवर महाराज पसार झाले होते.

दुसऱ्या दिवशी बाया ओटी घेऊन राखीच्या दारात आल्या. उत्तमराव आडवे उभे राहिले. "देवी-बिवी काही नाही. पोरगी हाय माही. झोपली हाय, हळू बोला."

वाचकहो, कुणाच्या अंगात आलं तर आरती ओवाळायच्या आधी एवढंच विचारा: ही जेवली का, झोपली का?