कंगवा, छत्री, कुलूप, किटली

मित्रांनो, मी एक जुना चित्रसंच आहे, पुठ्ठ्याच्या पत्त्यांचा. कडा झिजल्यात, पण चित्रं अजून ठसठशीत आहेत. दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या एका पेंटरने मला आपल्या लेकीसाठी बनवलं. लेक मेंदूची डॉक्टर, विसरण्याच्या आजारावर संशोधन करणारी. रंगवताना बाबा स्वतःशीच घोकत, "कंगवा, छत्री, कुलूप, किटली..."

पेशंट माझ्याकडे बघून नावं सांगत. सगळ्यांची परीक्षा सारखी व्हावी म्हणून माझा क्रम बदलायचा नाही, हा लेकीचा नियम. परगावचे डॉक्टरही माझं कौतुक करून गेले. मी तेव्हा फुशारून गेलो होतो, खोटं कशाला बोलू?

मग एके दिवशी तिची आई काकुळतीला येऊन म्हणाली, "अगं, आज तुझ्या बाबांना आपल्याच घराचं दार उघडता येईना. काहीतरी बिनसलंय."

लेकीने मला बाबांपुढे धरलं. त्यांनी घडाघडा सगळी नावं सांगितली.

"बघ, एकही चूक नाही! आई, तू उगाच जिवाला घोर लावून घेतेस."

पेशंट परका असता तर तिने आणखी चार तपासण्या केल्या असत्या. बापाच्या बाबतीत मात्र तिला एवढंच ऐकायचं होतं. महिने गेले. आई कळवळून सांगायची आणि बाबा दर वेळी पास व्हायचे. त्यांची नजर माझ्यावर नसायचीच, मित्रांनो. पण मी ओरडणार कसा?

एकदा मी लेकीच्या हातून निसटलो आणि पत्ते विस्कटले. तिने घाईघाईने गोळा करून वरचा दाखवला. त्यावर किटली होती.

"कंगवा," बाबा म्हणाले.

पुढचं कुलूप.

"छत्री."

लेकीचा चेहरा पांढराफटक पडला. बाबांशी बोलून घ्यायचे दिवस हातचे गेले होते.

आता रोज संध्याकाळी ती मला पुन्हा जुन्या क्रमाने लावते. "बाबा, एकदाच म्हणा ना." बाबा म्हणतात आणि ती हसते. सगळं ठाऊक असून हसते. हल्ली शेवटाकडून एकेक नाव गळतंय. काल ते "कंगवा" म्हणून थांबले. लेक छत्रीचा पत्ता त्यांच्या डोळ्यांपुढे धरून विनवत राहिली, आणि बाबा अगदी कावरेबावरे झाले.

मित्रांनो, घरातलं माणूस जीव तोडून काही सांगत असेल, तर माझ्यासारख्या पुठ्ठ्यांच्या भरवशावर त्याला गप्प बसवू नका. आणि कुणीतरी मला तिच्याकडून काढून घ्या हो. बाबा हात पुढे करून बसलेत, आणि तिचे दोन्ही हात माझ्यातच अडकलेत.