एकोणतीस इंचांचा ओटा

त्याला सगळे भिंगरीच म्हणत. रंगाच्या दुकानात बावीस वर्षं नोकरी केली, पण गल्ल्यामागच्या खुर्चीवर त्याने सलग पाच मिनिटं बूड टेकलं असेल तर शपथ! गिऱ्हाईक नसलं की हा डबे पुसणार, पुसलेले डबे पुन्हा रांगेत लावणार, आणि लावून झाले की रांग बदलणार. मालकाला त्याच्याकडे बघूनच घेरी यायची.

अशा माणसाच्या डोक्यात खूळ शिरायला कितीसा वेळ लागतो? दुकानात एक गिऱ्हाईक नेहमी यायचं. जुनी घरं घ्यायची, डागडुजी करून नटवायची आणि नफ्यात विकायची, असा त्याचा धंदा. दर वेळी नवा रंग आणि दर वेळी नवी गाडी. "घरात बाई आधी ओटा बघते," तो भिंगरीला सांगायचा. "बाईला ओटा आवडला की घर विकलं गेलंच समजा." झालं. भिंगरीने ते वाक्य घट्ट धरून ठेवलं आणि नोकरीला रामराम ठोकला.

"यात अवघड ते काय?" तो बायकोला म्हणाला. "रंगातलं मला कळतं. अर्धं घर म्हणजे रंगच की!"

बायको शिवणकामाच्या दुकानात मापं घ्यायची. दिवसभर गळ्यात टेप. स्वतःची उंची चार फूट आठ इंच. एकोणीस वर्षांच्या संसारात भाड्याची सात घरं झाली, आणि सातही घरांत तिच्याबरोबर एक लाकडी स्टूल गेलं. कुठलाही ओटा तिच्या बरगड्यांशी यायचा. भाजी चिरायची, चढ स्टुलावर. वरचा चहाचा डबा काढायचा, चढ स्टुलावर. स्वतःचं घर झालं की पहिलं हे स्टूल मोडून टाकीन, असं ती पहिल्या घरापासून म्हणत आलेली. त्या घरासाठीच दोघांनी पोटाला चिमटा काढून पैसे साठवले होते, आणि आता हा पठ्ठ्या तेच धंद्यात घालायला निघाला होता.

"ते आपल्या घराचे आहेत," ती म्हणाली.

"घराचेच! हे एक घर घेऊ, नीट करू, विकू. मग आपलं घेऊ, चांगलं मोठं. वर्षभराचा तर प्रश्न आहे."

"वर्षभराचा?"

"फार तर."

तिने गळ्यातला टेप काढून गुंडाळून ठेवला. मग म्हणाली, "बघा. तुम्ही म्हणाल तसं."

घर तळमजल्यावरचं, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. भिंतींचे पोपडे सुटलेले, नळ गंजलेले, स्वयंपाकघर धुराने काळंकुट्ट. भिंगरीला मात्र आनंदाचं भरतं आलं. पहिल्याच दिवशी त्याने गवंडीकाकांच्या नाकीनऊ आणले. गिलावा होऊन अर्धा तास झाला नाही तोच हा बोट लावून बघायचा.

"अहो, बोट लावून भिंत लवकर वाळत नाही," गवंडीकाका वैतागून म्हणायचे. "नुसते ठसे उमटतात. जरा बाहेर फिरून या बघू." भिंगरी बाहेर जायचा, कोपऱ्यापर्यंत चालायचा आणि तिथूनच मागे वळायचा.

ओट्याची वेळ आली. गवंडीकाकांनी विचारलं, "उंची नेहमीसारखीच ठेवू ना?"

"नेहमीसारखी कशाला? ओट्यापुढे उभी कोण राहणार? बाई! मग बाईलाच विचारायला नको?"

आता तुम्हीच सांगा, यात चुकीचं काही वाटतं का? त्यालाही वाटलं नाही. त्याने बायकोला दुकानातून बोलावून घेतलं. ती टेप गळ्यात तशीच ठेवून धावत आली. त्याने तिला भिंतीशी उभं केलं, कोपर वाकवायला लावलं, आणि कोपराच्या खाली चार बोटं सोडून पेन्सिलीने रेघ मारली. एकोणतीस इंच.

"जरा खाली होतंय..." गवंडीकाकांनी तोंड उघडलं.

"काका, तुम्ही कधी स्वयंपाक केलाय?"

काकांनी थापी उचलली.  बायको त्या रेघेकडे बघत होती, आणि रेघ पुसली जाईल की काय अशा धास्तीने तिने भिंतीपासून अंग काढून घेतलं.

त्यानंतर ती रोज संध्याकाळी दुकान सुटलं की परस्पर तिकडेच यायला लागली. भिंगरी म्हणायचा, "हात वर कर." ती हात वर करायची आणि तिथे फळी लागायची. कपाटं, न्हाणीघरातला आरसा, कपड्यांच्या खुंट्या, सगळं तिच्या हाताला येईल असं. एकदा तिने मुद्दाम टाचा उंच केल्या आणि मग स्वतःच खुदकन हसली. "नको नको, टाचा नको. टाचा टेकूनच घ्या माप." इतकं मोकळं हसताना भिंगरीने तिला कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं. पण थांबून बघायला सवड कुणाला होती? त्याचं लक्ष सुताराच्या स्क्रूकडे.

घर झालं. खरंच सुरेख झालं. भिंगरीने एजंटला फोन लावला आणि दुसऱ्या दिवसापासून माणसं यायला लागली.

पहिलं जोडपं आलं. बाई ओट्यापुढे उभी राहिली, हवेतच चार कांदे चिरल्यासारखं केलं आणि पाठीला हात लावून म्हणाली, "अगं बाई! कंबरडं मोडेल माझं इथे." दुसऱ्या दिवशी एक उंच गृहस्थ न्हाणीघरातून बाहेर आले. "आरसा छान आहे हो," ते म्हणाले, "पण त्यात माझं डोकं येत नाही." तिसऱ्याच्या कपाळाला कपाटाची कड लागली. तो कपाळ चोळत निघून गेला तो परत आलाच नाही.

शेवटी एजंटनेच टेप काढला. ओटा मोजला, आरसा मोजला, खुंट्या मोजल्या.

"साहेब, हे घर कुणाच्या मापाने केलंय?"

 भिंगरीने कपाळावर हात मारला. बाईला विचारायचं म्हणून विचारलं, पण बाई म्हणून त्याला जगात एकच ठाऊक, आणि ती चार फूट आठ इंच!

त्यानंतरचे दिवस काही विचारू नका. जेवताना ताटावरून दोनदा उठायचा. चालता चालता मध्येच थांबून समोरच्या भिंतीचं माप घ्यायचा. रोज सकाळी त्या घरी जाऊन दारं उघडायचा, दुपारी लावायचा, पुन्हा उघडायचा. सगळी पुंजी त्या चार भिंतींत अडकलेली. विकलं गेलं नाही तर धंदाही गेला आणि आपलं घरही गेलं, एवढंच त्याच्या डोक्यात फिरत होतं. आणि बायको? ती खुशाल जेवत होती, वर गुणगुणत होती! त्याचं डोकंच फिरलं.

"तुला काही काळजी आहे की नाही?"

"नाही विकलं गेलं तर नाही विकलं," ती हळूच म्हणाली. "घर काही वाईट नाही."

"नाही विकलं तर? मग धंदा कसला केला मी? लोक हसतील! सोमवारी गवंडीकाकांना बोलावतो. ओटा फोडतो, सगळं वर घेतो."

तिचा घास हातातच राहिला. "फोडणार?"

"मग काय पूजा करू त्याची?"

रविवारी ती त्याच्याबरोबर त्या घरी आली आणि फडकं घेऊन ओटा पुसायला लागली. उद्या फुटणारा ओटा कोण पुसतं? भिंगरी तसं म्हणणार होता, इतक्यात एजंट एका बाईंना घेऊन आला. नर्सबाई. एकट्याच राहणाऱ्या, केस पिकलेले, आणि उंचीने बायकोपेक्षा बोटभर कमीच.

त्या स्वयंपाकघरात आल्या. ओट्यावर दोन्ही तळवे टेकले. मग वरचं कपाट उघडलं आणि सगळ्यात वरच्या फळीला हात लावून बघितला. टाचा जमिनीवरच. त्यांनी एकदा कपाट लावलं आणि पुन्हा उघडलं. डोळ्यांत पाणी आलेलं त्यांनी लपवलंही नाही.

"उभा जन्म स्टुलावर चढण्यात गेला माझा," त्या बायकोला म्हणाल्या. "हे कुणासाठी केलंय हो? विकायला केल्यासारखं वाटत नाही."

बायकोने भिंगरीकडे बघितलं. नुसतं बघितलं आणि वाट बघत राहिली.

"छे हो, विकायलाच!" भिंगरी घाईघाईने म्हणाला. "आमचा धंदाच आहे हा!"

बाईंनी घासाघीस केली नाही. तिथल्या तिथे चेक लिहिला. बायकोने हातातलं फडकं धुतलं, पिळलं, नळावर वाळत टाकलं आणि कंबरेला खोचलेली त्या घराची किल्ली काढून बाईंच्या हातात दिली.

घरी येताना भिंगरीचे पाय जमिनीवर नव्हते. भाड्याच्या स्वयंपाकघरात तो एवढ्याशा जागेत येरझारा घालत बोलत सुटला. सोमवारचा हातोडा टळला, चूकच पथ्यावर पडली, आता पुढचं घर याहून मोठं. मध्येच त्याला हसू आलं.

"पण काय गं, दिवसभर लोकांची मापं घेतेस तू. ओटा बुटका होतोय हे तुझ्या लक्षात नाही आलं?"

"आलं ना. रेघ मारली तेव्हाच आलं."

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, तुमच्याही लक्षात आलंय," ती म्हणाली. "वाटलं, माझ्यासाठीच करताय. तोंडाने बोलायचा तुमचा स्वभाव नाही, म्हणून नुसतं माप घेताय. मी रोज हात वर करत होते, मूर्खासारखी."

भिंगरीच्या येरझारा थांबल्या. त्याचा हात खिशातल्या फोनकडे गेला.

"नको," ती म्हणाली. "शब्द दिलाय. त्या बाईंचा हात पोचतोय तिथे, आता त्यांना पुन्हा स्टुलावर चढवू नका."

तिने चहाचं आधण ठेवलं. डबा वरच्या फळीवर होता. भिंगरी पुढे झाला; त्याचा हात तिथे सहज पोचत होता, आणि एकोणीस वर्षांत हे त्याला पहिल्यांदाच सुचत होतं.

"राहू द्या," ती म्हणाली. तिने पायाने स्टूल ओढलं आणि वर चढली.