पिवळा कोपरा

मी घोंगडी बोलतेय. टोचते मी, हे आधीच सांगून ठेवते. आज तर जरा जास्तच टोचेन.

वेल्ह्याच्या डोंगरात, धनगरांच्या वस्तीवर, हैबतीच्या मागावर माझा जन्म झाला. लोकर त्याच्याच काळ्या मेंढ्यांची, सूत त्याच्या बायकोनं, कोंडाबाईनं कातलेलं. चिंचोक्याची खळ पिऊन मी अशी ताठ झाले की काय सांगू! वस्तीवरचा हा शेवटचा माग. परदेशातून मागणी आली तर तो चालणार, नाहीतर मोडून चुलीत घालायचा, असं हैबतीनं ठरवलं होतं.

मागणी आणणार होता पुण्याचा एक व्यापारी. त्याच्याकडं कागदपत्रं बघणारी भोरची शुभा मला न्यायला आली. आधी नमुना म्हणून मी एकटीच जाणार होते. निघताना कोंडाबाईनं माझ्या कोपऱ्याला देवाचा भंडारा लावला. हळदीच्या त्या बोटाशिवाय नवी घोंगडी घराबाहेर पडत नाही. कापूरहोळपर्यंत एसटीत शुभाच्या मांडीवर बसून गेले, तिथून पुढं पुणं आणि मग जहाज.

त्या हळदीनंच मला परदेशातल्या बंदरावर अडकवलं. हे पिवळं काय? लोकरीतून जनावरांचा रोग आला तर? आपल्याकडच्या प्रयोगशाळेचा दाखला तिथले अधिकारी मानायलाच तयार नाहीत. महिनाभर खोक्यात पडून होते मी. शुभानं मात्र पिच्छा सोडला नाही. मेंढ्यांच्या लसीचा दाखला, लोकर धुण्याची रीत, हळदीचा अहवाल, सगळं धाडलं. आमची प्रयोगशाळा एकदा नीट पारखून घ्या, पटली तर तिच्या दाखल्यावरचा माल पुन्हा अडवू नका, एवढंच तिचं मागणं होतं. त्यांना पटलं. वाट मोकळी झाली, आणि मी मोकळी केली याचा मला कोण गर्व!

इकडं हैबतीनं दुसऱ्या मागासाठी, विणताना पाय सोडून बसायला, खड्डा खणला. दिवाळी झाली, शिमगा झाला, मागणी काही आली नाही. मला परत आणून व्यापाऱ्यानं कपाटात कोंबलं होतं.

परवा शुभा मला घेऊन वस्तीवर आली. सोबत एक ब्लँकेट होतं, गिरणीतलं, लोकर नावाला. माझ्या दाखल्यावर व्यापाऱ्यानं असली हजारो पाठवली होती. आणि कोपऱ्यात, ऐका, पिवळा डाग छापलेला! तिकडच्या लोकांना तो फार आवडला म्हणे.

"बाबा, कागद मीच केले," शुभा हैबतीला म्हणाली. "तुमचाच माल जाणार असं मला सांगितलं होतं."

नोकरी सोडलीय, तक्रारही केलीय, असं ती सांगत राहिली. हैबती उठला आणि खड्डा बुजवायला लागला.

कोंडाबाईनं ते ब्लँकेट जवळ ओढलं. सवयीनं पिवळ्या कोपऱ्यावर बोट टेकवून कपाळाकडं नेलं आणि मधेच थांबली.

"ह्याचं बोटाला काय लागतच न्हाई," ती म्हणाली.

बाबांनो, कुठल्या थंड मुलखात कुणाच्या अंगावर पिवळा कोपरा दिसला, तर एकदा बोट लावून बघा. बोट पिवळं झालं नाही तर तिथल्या लोकांना सांगा, ही हैबतीची घोंगडी नाही.