पहिला कप मोरीचा

मिक्सरवाल्याने आयुष्यात दोनच कामं मन लावून केली. लोकांचे मिक्सर दुरुस्त केले आणि लोकांच्या फजित्या केल्या. भंगारात मिळालेला एक स्टेथोस्कोप तो दुकानात गळ्यात घालून बसायचा. कुणी मिक्सर आणला की त्याच्या पोटाला नळी लावायची, डोळे मिटायचे आणि गंभीर आवाजात विचारायचं, "घरचे बाहेर थांबलेत का? जवळच्या माणसाला आत बोलवा." एकदा एका वकीलसाहेबांना त्याने मिक्सरची सोनोग्राफी करून आणायला सांगितलं होतं. वकीलसाहेब कोपऱ्यापर्यंत गेलेसुद्धा.

वयाची पन्नाशी उलटली तरी हा खोडसाळपणा गेला नाही. त्याच्या तावडीत जन्मभर एकच माणूस सापडला नाही, तो म्हणजे त्याचा थोरला भाऊ.

दादाला विनोद कळायचाच नाही. चौकातल्या कॉफीच्या काउंटरमागे तो बत्तीस वर्षं उभा राहिला आणि तेवढ्या वर्षांत एकाही कपाला त्याने चांगलं म्हटलं नाही. नवीन पोऱ्याने कॉफी काढून पुढे केली की दादा एक घोट घ्यायचा, तोंडात फिरवायचा आणि म्हणायचा, "फेक." बस्स. पुढचा कप. "फेक." कप बरा असेल तर काहीच बोलायचा नाही, पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळायचा. तीच शाबासकी. आणि रोज सकाळी पहिला कप कितीही झकास निघाला तरी तो सरळ ओतून द्यायचा, कारण दळण्याच्या यंत्रात कालची शिळी पूड अडकलेली असते, ती पहिल्या कपात उतरते. "पहिला कप मोरीचा," दादा म्हणायचा. मालकाने बेसिन बसवलं, त्यावर चकचकीत नळ आला, तरी दादाच्या तोंडी मोरीच.

त्या दादाच्या डोक्यात गाठ निघाली.

आता तो पुढच्या खोलीत खिडकीजवळच्या पलंगावर पडून होता. डावी बाजू गेलेली, बोलणं तुटक. एके सकाळी वहिनी दुकानात आली. ती दुकानात कधी येत नसे. मिक्सरवाल्याने स्टेथोस्कोप काढून ड्रॉवरमध्ये टाकला.

"भाऊजी, चार दिवस झाले, कॉफी मागताहेत. डब्यातल्या पावडरची करून दिली तर कप गादीवर उलटा केला."

"मुद्दाम?"

"चांगल्या हाताने. माझ्याकडे बघत."

"मग तब्येत सुधारतेय म्हणायची!"

वहिनी हसली, पण हसता हसता तिचा चेहरा पडला. "तेच म्हणते मी. नावं ठेवताहेत तोवर माझ्या जिवात जीव आहे. तुम्ही त्यांना हवी तशी एक कॉफी पाजा हो. मशीन आहे घरात."

मशीन होतं. निवृत्तीच्या दिवशी काउंटरवाल्यांनी दिलेलं, एस्प्रेसो काढायचं, छोटंसं. तीन वर्षं खोक्यातच होतं. घरी माणूस झोपतो, कॉफी कामावर प्यायची, असं दादाचं मत. दळायचं यंत्र मात्र नव्हतं.

त्याच दिवशी डॉक्टर तपासून गेले. त्यांची बॅग घेऊन मिक्सरवाला जिन्यापर्यंत गेला, तेव्हा दुसऱ्या पायरीवर ते थांबले आणि हळू आवाजात म्हणाले, "हे बघा, आधी वास जाईल, मग चव जाईल, मग गिळणं थांबेल. चव गेली की आठवडा धरा. वहिनींना आत्ताच सांगू नका."

मिक्सरवाल्याने मान डोलावली. बॅग त्यांच्या हातात दिली आणि तो माघारी वळला.

दळण्याचं काय, ते आपल्या हातचा मळ, असं त्याला वाटलं. तीस वर्षं मिक्सर खोललेला माणूस! दुकानातला सगळ्यात तगडा मिक्सर उचलून नेला, बिया घातल्या, घर्रर्र केलं. निम्मी पूड पिठासारखी आणि निम्मी खडीसारखी. पाणी खडीतून वाट काढून पळालं. दादाला चमच्याने पाजली.

"फेक."

वहिनीने तोंडाला पदर लावला. रडत नव्हती, हसत होती.

मग त्याने अभ्यास केला. कॉफी पात्याने तोडायची नसते, जात्यासारख्या दोन चकत्यांमध्ये भरडायची असते, आणि चकत्यांमधलं अंतर केसाएवढं हललं तरी कप बिघडतो. अठरा ग्रॅम पूड, छत्तीस ग्रॅम कॉफी, अट्ठावीस सेकंद. त्याने हे वहिनीच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलं. बाजारातून आकड्यांच्या बटणाचं एक नवंकोरं यंत्र आणलं. पाच आकड्यावर कॉफी अकरा सेकंदांत धो धो. चारवर ठणठणाट, मशीन नुसतंच कण्हतंय. साडेचार हा आकडाच नाही!

स्वयंपाकघरातून पुढच्या खोलीत पलंग दिसत नव्हता, पण आवाज जायचा. पाचवर धार लागली तशी पलीकडून दादा म्हणाला, "पळाली." चारवर ठेवली तर, "तुंबली." न बघता, न चाखता. मिक्सरवाला दारात जाऊन उभा राहिला.

"दादा, तू कानाने कॉफी पितोस काय रे?"

दादाने त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "गाढव."

ते यंत्र दुकानदाराला परत गेलं. "काय बिघडलंय?" दुकानदाराने विचारलं. "बिघडलं काहीच नाही," मिक्सरवाला म्हणाला, "त्याला चार आणि पाचच्या मधलं मोजता येत नाही. शाळेत घाला."

तिसरं यंत्र त्याने बंद पडलेल्या एका हॉटेलातून उचललं. जुनं, बोजड, काळं. त्याला आकडेच नव्हते, नुसती एक कडी, ती हवी तेवढी, केसभरसुद्धा फिरवता यायची. विकणारा म्हणाला, "एकदम चालू आहे." मिक्सरवाल्याने ते कानाशी धरून हलवलं. हे वाक्य तो स्वतः गिऱ्हाइकांना किती वेळा बोलला होता!

घरी आणल्या आणल्या त्याने घाई केली. बिया आत भरलेल्या, मोटर बंद, आणि हा कडी आवळत बसला. मिक्सरवाल्याची सवय, यंत्राला हात लावायचा तर आधी वीज बंद. चकत्यांमध्ये बिया अडकल्या आणि सगळं घट्ट बसलं. बटण दाबलं तर नुसतं घूं घूं.

पलीकडून आवाज आला, "चालू ठेवून फिरव, गाढवा!"

वहिनी हातातलं भांडं घेऊन तशीच उभी राहिली. "ऐकलंत? अख्खं वाक्य बोलले! महिन्यात पहिल्यांदा!"

"अख्ख्या वाक्यात माझाच उद्धार," मिक्सरवाला म्हणाला. पण मनातून तो सुखावला. म्हणजे आहे अजून. दादा आत शाबूत आहे.

त्याने यंत्र खोललं, अडकलेल्या बिया टाचणीने उकरल्या, हॉटेलच्या जमान्यातलं तेलकट काळं किटण ब्रशने काढलं. तरी कप जमेना. त्याच कडीवर एकदा बत्तीस सेकंद, एकदा सतरा. धार मधून पडायच्या ऐवजी एका बाजूने पिचकारी मारायची. बिया बदलल्या. पूड दाबायचा हात बदलला. मशीनचं पाणी तपासलं. रोज दुपारी एक चमचा दादाच्या ओठांशी जायचा आणि रोज उत्तर यायचं, "फेक." मंगळवारी ते जरा उशिरा आलं. बुधवारी दादाने आधी डोळे मिटले, बराच वेळ गेला, आणि मग फक्त ओठ हलले. वहिनी म्हणाली, "म्हणाले, म्हणाले. फेकच म्हणाले." मिक्सरवाल्याला ऐकू आलं नव्हतं.

त्या दिवसापासून तो दुकान उघडेना. दारावर पाटी लावली, 'डॉक्टर व्हिजिटवर.' येणारे-जाणारे हसले.

गुरुवारी त्याला खोट सापडली. वरच्या चकतीच्या कडेला त्याने मार्करने गोल शाई फासली, हाताने चकत्या हळूच एकमेकींना टेकवल्या, फिरवल्या आणि उघडून बघितलं. एका बाजूची शाई पुसलेली, दुसऱ्या बाजूची जशीच्या तशी. वरची चकती तिरकी बसत होती. एका बाजूला पीठ, दुसऱ्या बाजूला भरड. म्हणून पिचकारी! खाली द्यायला पातळ पत्रा हवा होता, केसापेक्षा पातळ. त्याने इकडेतिकडे बघितलं. टेबलावर दादाच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं होती. त्यांच्या पाठीची चंदेरी पन्नी त्याने कात्रीने कापली, नखाएवढा तुकडा चकतीखाली सरकवला. पुन्हा शाई, पुन्हा फिरवणं. मग आणखी एक तुकडा. चौथ्या खेपेला शाई सगळीकडून सारखी पुसली गेली. चकत्या स्पिरिटने लख्ख पुसल्या, मूठभर बिया दळून ती पूड टाकून दिली, आणि मग चालू ठेवून, हो, चालू ठेवूनच, कडी फिरवली.

यंत्राचा आवाजच बदलला. खरखर गेली. एकसारखी, भरल्या आवाजातली गुरगुर. असा आवाज त्याने पूर्वी दादाच्या काउंटरवर ऐकला होता. तो कान देऊन थांबला, पलीकडून काहीतरी येईल म्हणून. आलं नाही. झोपला असेल, असं तो स्वतःला म्हणाला.

पहिला कप निघाला, चव्वेचाळीस सेकंद, काळाकुट्ट, जळका. तो मोरीचा. कडी केसभर सैल केली. दुसरा कप. धार मधोमध, उंदराच्या शेपटीसारखी बारीक, तांबूस. अट्ठावीस सेकंद. छत्तीस ग्रॅम. मिक्सरवाल्याने बोट बुडवून चाटलं आणि ओट्याला टेकून उभा राहिला. जमलं होतं! दादाच्या काउंटरवरची कॉफी जमली होती, आणि ती त्याने, गाढवाने, जमवली होती.

आता सरळ माणसाने काय केलं असतं? दुसरा कप उचलून नेला असता. पण हा मिक्सरवाला. त्याला आठवलं, हा आठ वर्षांचा आणि दादा चौदाचा असताना दादाने घरात पहिल्यांदा कॉफी केली होती आणि याने तिच्यात मीठ घातलं होतं. दादाने त्याला तीन गल्ल्या पळवून पाण्याच्या टाकीखाली गाठला होता. दोन दिवस कान लाल होता. त्याला वाटलं, आधी पहिला, मोरीचा कप द्यावा, मीठ घालून. दादाने एकदा पोटातून, खणखणीत "फेक" म्हणावं, दोन शिव्या हासडाव्यात, वहिनीने पोटभर हसावं. आणि मग खरा कप पुढे करावा. दादा काहीच बोलणार नाही. तीच शाबासकी.

त्याने जळक्या कपात अर्धा चमचा मीठ ढवळलं. हसू दाबायला गाल आतून चावले.

"वहिनी, उशी वर घ्या जरा. आज परीक्षा आहे."

वहिनीने दादाला उठवून बसवलं. दादाचे डोळे उघडे होते. म्हणजे झोपलेला नव्हता. ते मिक्सरवाल्याने बघितलं, पण चमचा भरला होता आणि तोंड वेडंवाकडं न करण्याची त्याला जन्माची सवय होती.

"दादा, घे. बघ तुझ्या गाढवाने काय केलंय."

दादाने चमचा घेतला. तोंडात फिरवलं, जुन्या सवयीने. कपाळावर एक आठी नाही. गिळायला त्याला वेळ लागला, गळ्याची घाटी दोनदा वर जाऊन खाली आली. मग त्याने मिक्सरवाल्याकडे बघितलं, फार मायेने, जसं त्याने कधीच बघितलं नव्हतं, आणि म्हणाला,

"जमलं."

वहिनीने दोन्ही हात तोंडावर नेले. "अगं बाई! भाऊजी, ऐकलंत?"

मिक्सरवाला दादाच्या डोळ्यांत शोधत होता. कुठे एखादी मिश्कील चमक, ओठाच्या कोपऱ्यात एखादी सुरकुती. फजिती कर रे, एकदा तरी माझी फजिती कर. पण दादाला विनोद कळायचाच नाही. डोळ्यांत नुसतं समाधान होतं, थकलेलं.

तो पळत स्वयंपाकघरात गेला, दुसरा कप घेऊन आला. "दादा, हा बघ, हा एक घोट, हा..."

दादाने मान खिडकीकडे वळवली. "झालं की आता," तो म्हणाला आणि डोळे मिटले.

"राहू द्या हो, दमलेत," वहिनी म्हणाली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. "बत्तीस वर्षांत कुणाला म्हणाले नाहीत. भावाला म्हणाले. आता बघा तुम्ही, खातील-पितील, उद्यापासून जोर धरतील." आणि तिने स्टुलावरचा पहिला कप उचलला. "मला तरी बघू दे कशी लागते, एवढं काय जमवलंत ते."

कप तिच्या ओठांपर्यंत गेला होता.

मिक्सरवाल्याने तो हातातून काढून घेतला. "अहो वहिनी, ही भावाभावांची आहे. तुमच्यासाठी हा दुसरा," असं म्हणून त्याने चांगला कप तिच्या हातात दिला आणि तिच्या डोळ्यांसमोर, तिच्याकडे बघत, मिठाची, जळकी, गार होत आलेली कॉफी तळापर्यंत पिऊन टाकली. एक आठी नाही. पापणी हलली नाही. आयुष्यभर केलेला सगळा रियाज जणू या एका कपासाठीच होता.

"कशी आहे?" वहिनीने विचारलं.

"जमलीय," तो म्हणाला, आणि कप धुवायला मोरीकडे गेला.